आंब्यावरची वस्ती

आमचे घरमालक रेल्वेत गार्ड होते आणि निवृत्त झाल्यापासून त्यांनी कुणालाही म्हणून झोपेतून उठवलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये हो. त्यांच्या या व्रतापायी मी एकदा भर उन्हात, डोक्यावर दळणाचा डबा घेऊन, त्यांच्याच फाटकाबाहेर ताटकळले होते. फाटक आत उघडायचं, आणि आतल्या बाजूनं त्याला टेकून एक कुत्रं झोपलं होतं. मालक आत उभे, मी बाहेर उभी. "सूनबाई, जरा थांबा. उठेल ते आपलं आपण," असं मला दबक्या आवाजात सांगत होते. कुत्रं कसलं उठतंय! शेवटी मी काटेरी कुंपणाच्या भगदाडातून आत घुसले, नवं लुगडं फाडून घेतलं, तर म्हणतात कसे, "हां, हे बरं केलंत. त्याची झोप मोडली नाही."

माझ्या लुगड्याबद्दल एक अक्षर नाही!

सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणायचे. ही चौतीस सालच्या आसपासची गोष्ट. गंगापूर रोड तेव्हा नावाचाच रोड होता. दोन्हीकडे पेरूच्या बागा, मधे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, आणि दिवेलागण झाली की कोल्हे ओरडायचे. मी सिन्नरची, नुकतीच लग्न होऊन आलेली. आमचे हे नाशकात शाळामास्तर. गावात जागा मिळेना म्हणून ह्यांनी गावाबाहेर गार्डसाहेबांच्या आवारातल्या मागच्या दोन खोल्या घेतल्या. त्यात मी, हे आणि सासूबाई. पुढच्या बंगलीत गार्डसाहेब एकटे. मधे अंगण, आणि अंगणात एक जुना, थोराड आंबा.

जागा इतकी चटकन कशी मिळाली, हे ह्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. भोळा माणूस. आम्ही सामान घेऊन टांग्यातून उतरलो ते संध्याकाळी. सासूबाईंनी सहज वर पाहिलं आणि "अगं आई गं" म्हणून तिथंच ट्रंकेवर बसल्या. आंबा गिधाडांनी भरला होता. एक-दोन नव्हेत, फांद्या वाकल्या होत्या. खालची जमीन चुना सांडावा तशी पांढरी, आणि वास तर असा की मी पदर नाकाला लावला तो आठवडाभर काढला नाही. तेवढ्यात बंगलीतून एक उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ अनवाणी आले. त्यांनी आधी टांगेवाल्याला घोड्याच्या घुंगरांवर हात ठेवायला खूण केली, मग आमच्याकडे वळून हात जोडले.

"घाबरू नका," ते कुजबुजले. "तीही तुमच्यासारखीच. वस्तीला आलीत."

वस्तीला! हा त्यांचा लाडका शब्द. रात्रीपुरता आसऱ्याला येतो तो वस्तीला आलेला. आणि वस्तीला आलेल्याला उठवायचं नाही, हा त्यांचा एकुलता एक धर्म. माणूस असो, कुत्रं असो, गिधाड असो. त्यांच्या आरामखुर्चीत मांजर झोपलं तर ते जमिनीवर बसून चहा प्यायचे. आवारात कोंबडा पाळायला बंदी. दूधवाल्याच्या म्हशीच्या गळ्यातल्या घंटेला त्यांनी स्वतःच्या हातानं चिंधी गुंडाळली होती. गार्डाची ती पितळी शिट्टी गळ्यात असायची, पण तिच्या तोंडात मेणबत्तीचं मेण ओतून तिला मुकी करून टाकलेली. मी विचारलं, मग घालता कशाला? म्हणाले, "सवय आहे. आणि तिलाही आता विश्रांती."

त्यांचं खूळ कुठून आलं ते त्यांनीच मला सांगितलं. गार्डाच्या नोकरीत माणसाची झोप त्याची नसते. इगतपुरी, मनमाड, भुसावळ, जिथं गाडी पोचेल तिथल्या रनिंग रूममध्ये पडायचं. रनिंग रूम म्हणजे गार्ड-ड्रायव्हरांची झोपायची जागा. आणि मग अवेळी कॉलवाला यायचा, काठीनं दार बडवायचा, "गार्डसाहेब, गाडी लागली!" घरी असले तरी तेच. आधी बायकोला जाग यायची. ती उठून चहा टाकायची, डबा भरायची, आणि हे निघून गेल्यावर तिला पुन्हा झोप यायची नाही. जन्मभर दोघं एकच बोलत आले होते, की निवृत्त झालो की गावाबाहेर घर बांधायचं आणि ऊन तोंडावर येईपर्यंत झोपायचं. जागा घेतली, विटा आल्या, आणि ती गेली. घर पुरं व्हायच्या आत. "तिची झोप राहिली," ते म्हणाले, आणि मांजराकडे बघत बसले. मी आत जाऊन उगाच भांडी विसळत राहिले.

जागा विकणाऱ्यानं त्यांना गिधाडांचं काही सांगितलं नव्हतं. दुपारी जागा दाखवली होती लबाडानं, झाड रिकामं असताना. गार्डसाहेब राहायला आले त्या संध्याकाळी बघतात तो हे सगळे हजर. दुसरा कुणी असता तर जागा विकून पळाला असता. हे मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून बाहेर आले आणि बघतच राहिले. उजाडून किती वेळ झालेला, कावळे-साळुंख्या केव्हाच कामाला लागलेल्या, आणि ही मंडळी माना पिसांत खुपसून गाढ झोपलेली. ऊन चांगलं चढलं तेव्हा एकेकानं डोकं बाहेर काढलं, पंख पसरले आणि तसेच उन्हात धरून ठेवले, धोतरं वाळत घातल्यासारखे. बाजाराची वेळ झाली तरी एकही हललं नाही. "सूनबाई, त्या दिवशी मला पटलं," ते म्हणायचे. "देवाच्या राज्यात एक तरी जात अशी आहे की जिला कॉलवाला नाही."

त्यांचं म्हणणं होतं की सगळ्या पाखरांत गिधाड तेवढं सभ्य. कोकिळा ओरडते, कोंबडा आरवतो, म्हणजे दुसऱ्याची झोप मोडतात, आणि लोक त्यांच्यावर गाणी रचतात. गिधाडाला धड आवाजच नाही. भांडलं तर फिसफिसतं, तेही झोपायच्या आधी, जागेवरून. आणि ती आळशी आहेत म्हणून उशिरा उठतात हेही त्यांना मान्य नव्हतं. "एवढं मोठं धूड पंख मारत उडायचं म्हणजे खायची गोष्ट नाही. जमीन तापली, हवा वर चढायला लागली, की तिच्यावर बसून ती वर जातात. ऊन म्हणजे त्यांची वाफ. वाफ धरल्याशिवाय गाडी सुटते का कधी?"

संध्याकाळी चहा झाला की ते ओसरीवर बसून गाड्या घ्यायचे. म्हणजे गिधाडं. एकटंदुकटं रामसेज डोंगराकडून येऊन घिरटी घालायला लागलं की म्हणायचे, "पायलट आला," म्हणजे गाडीच्या आधी धावणारं इंजिन. मग पाठोपाठ बाकीची. पाय खाली सोडून, पंख आडवे धरून धाडकन फांदीवर आदळायची. एखाद्याचा गळा खाऊन फुगलेला असला की, "ही मालगाडी. हिला खालची लाईन द्या." वरच्या फांद्यांवर जुनी खोडं बसायची, नवं कुणी तिथं उतरायला गेलं की चोचीनं टोचून हाकलायची, आणि ते बिचारं दोन-तीन फांद्यांवर धक्के खात खाली यायचं. "लाईन क्लिअर नाही, राजा," गार्डसाहेब कळवळून म्हणायचे. दिवे लागेपर्यंत पंगतीतल्यासारखी ढकलाढकल. मग एकेक मान आत जायची, आणि झाड गप्प व्हायचं. शेवटचं गिधाड गप्प झालं की गार्डसाहेब उठायचे आणि बंगलीत जाऊन दार लावायचे.

मी हसायचे. पण खरं सांगू का, मीही बघायला लागले होते. चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहायचे. आता माझी नात पक्ष्यांच्या मागे दुर्बीण घेऊन हिंडते. ती म्हणते, आजी, नाशकात आता औषधाला गिधाड उरलं नाही, कुठं अंजनेरीच्या कड्यावर दिसली तर दिसली. त्यांची वस्तीची झाडं शोधत फिरते पोरगी. मी तिला म्हटलं, आमच्या डोक्यावर रोज संध्याकाळी इतकी असायची की धुणं कुठं वाळत घालावं हा प्रश्न होता. तिला ते खरंच वाटेना.

किती असायची, हे तिनं विचारलं. ते मी सांगू शकत नाही. पाटबंधाऱ्याचे एक साहेब एकदा तोच प्रश्न घेऊन आले होते, बोट नाचवत मोजायलाही लागले. गार्डसाहेबांनी त्यांचं बोट हातानं खाली केलं. "जेवणाऱ्याचे घास मोजत नाहीत आणि झोपलेल्यांची डोकी मोजत नाहीत," म्हणाले. साहेब चहा न घेता गेले.

आणि तो लाकडाचा व्यापारी! आंब्याला मोहोर यायचा पण फळ धरायचं नाही, पानं विष्ठेनं पांढरी. असलं झाड ठेवून काय करता, असं म्हणत तो तोडायला मागत आला. गार्डसाहेब नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, संध्याकाळी या. संध्याकाळी आला तर झाड भरलेलं. "आता कसं तोडणार? झोपलीत. सकाळी या." सकाळी आला तर, "अजून उठली नाहीत." उन्हं चढल्यावर आला तर गार्डसाहेब स्वतः वामकुक्षीला. त्यांना कोण उठवणार? आम्हांला सक्त ताकीद होती. मी त्याला दारातूनच तसं सांगितलं, आणि तो बडबडत गेला तो पुन्हा आला नाही.

सासूबाईंचं आणि त्यांचं मात्र पहिल्या दिवसापासून वाकडं. सासूबाई पिंपळगाव बसवंतच्या, शेतकऱ्याघरच्या, रोखठोक. त्यांना आधी एकच जाणून घ्यायचं होतं. "तुमच्यात कोण म्हणायचं तुम्ही?" असं त्यांनी तोंडावर विचारलं, म्हणजे जात.

"रनिंग स्टाफ," गार्डसाहेब म्हणाले.

सासूबाईंना ते काही कळलं नाही, पण कबूल कसं करणार? शेजारणींना सांगायच्या, "त्यांच्यात चालतं वाटतं गिधाडं ठेवलेली." आणि मला आत येऊन म्हणायच्या, "पोरी, ही पाखरं उगाच बसत नाहीत. त्यांना पुढचं कळतं."

मग आमच्या ह्यांना ताप आला, आणि सासूबाईंचं बोलणं हसण्यावारी नेता येईना.

मुदतीचा ताप. आता गोळ्या आहेत, तेव्हा काही नव्हतं. ताप आपली मुदत संपवून जायचा, किंवा माणसाला घेऊन जायचा. डॉक्टर सायकलवरून यायचे, नाडी बघायचे आणि तेच ते सांगायचे: पातळ पेज, पूर्ण विश्रांती, आणि काही झालं तरी उठून बसवायचं नाही, हलवायचं नाही, आतडं नाजूक झालेलं असतं, फाटलं तर हातात काही राहणार नाही. "आणि झोप लागली तर सोनं समजा." झोपच तर येत नव्हती. हे डोळे टक्क उघडे ठेवून आढ्याकडे बघायचे, वर्गातल्या मुलांची नावं पुकारायचे. मी कपाळावर पट्ट्या बदलत बसलेली. बाहेर आंब्यावर संध्याकाळी मंडळी जमली की सासूबाई दार लावून घ्यायच्या.

गार्डसाहेबांनी त्या दिवसांत काय केलं ते सांगते. ते रस्त्यावर हिरवं-तांबडं निशाण घेऊन बसायचे. बैलगाडी आली की तांबडं दाखवायचे, गाडीवानाला खाली उतरवायचे आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून हातात धरायला लावायचे. लोक वेडा म्हणून ऐकायचे. एकदा त्यांनी मिरवणूक अडवली, वाजंत्र्यांसकट. नवरदेव घोड्यावर हसत होता, पण वाजंत्री बंद झाली.

सासूबाई एकदा त्यांच्या अंगावर धावून गेल्या. "माझ्या पोराच्या उशाशी यमाचे दूत बसवलेत तुम्ही! मढ्याचा वास आल्याबिगर येतात का ती?"

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "ती इथं वस्तीला येतात, कामाला नाही. त्यांचं काम तिकडे, गावाबाहेर, नदीपलीकडे. ज्या जागी काम असतं त्या जागी कुणी झोपत नाही. मी जन्मभर गाडीत काम केलं, गाडीत कधी झोपलो नाही. जिथं ही झोपतात तिथं त्यांचं काही काम नाही, हे पक्कं समजा."

मला त्या बोलण्यानं केवढा धीर आला! सासूबाईंना आला नाही. त्यांनी पिंपळगावाहून भावाला बोलावून घेतलं.

मामा म्हणजे दांडगट माणूस. येताना शेत राखायची ठासणीची बंदूक घेऊन आले. "ताई, तू काय काळजी करू नको. नुसता एक बार काढतो. जीव नाय घेत कुणाचा. पण पुन्हा हिकडं फिरकायची नायत ती." गार्डसाहेब तेव्हा रस्त्यावर निशाण घेऊन बसलेले. दिवेलागण होत आली होती, झाडावरच्या माना आत जायला लागल्या होत्या, आणि मामांनी आंब्याखाली उभं राहून बंदूक आकाशाकडे उडवली.

अख्खं झाड एकदम सुटलं. पण संध्याकाळची हवा, तिच्यात वर न्यायचं बळच नव्हतं. ती मोठाली धुडं पंख आपटत अंगणातच गोल फिरायला लागली, एकमेकांवर आदळायला लागली. काही कुंपणापलीकडे पेरूंत पडली. आणि उरलेली, बाई गं, आमच्या कौलांवर उतरली. धप्, धप् आवाज, कौलं सरकायला लागली, आत खाटेवर माती गळायला लागली. मी ह्यांच्या तोंडावर पदर धरला. बंदुकीच्या आवाजानं ह्यांनी माझा हात घट्ट आवळला होता. तो हळूहळू सैल पडला. अंगाला दरदरून घाम सुटला आणि डोळे मिटले.

मला वाटलं, संपलं. नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता, संथ, लांब. झोप लागली होती त्यांना! इतक्या दिवसांनी झोप! मी रडावं की हसावं, मला कळेना.

बाहेर निराळंच चाललं होतं. सासूबाई कौलांकडे बघून ऊर बडवत होत्या. आंब्यावर बसणं वेगळं आणि घरावर बसणं वेगळं. घरावर गिधाड बसलं की ते घर सोडायचं, भटजींकडून घराची शांत करून घेईपर्यंत परत पाय ठेवायचा नाही, हे त्या काळी लहान पोरालाही ठाऊक होतं. "टांगा आण," त्या मामांना म्हणाल्या. "खाटेसकट उचला त्याला. गावातल्या धर्मशाळेत नेऊ. या छपराखाली एक घटका ठेवायचा नाय माझा पोर."

मी दारात येऊन उभी राहिले. तोवर मी सासूबाईंपुढं मान वर करून बोलले नव्हते. पण त्या दिवशी दोन्ही हात चौकटीला लावले आणि म्हटलं, "आत्याबाई, त्यांना झोप लागलीय. मी हलवू देणार नाही."

"अगं, झोपंतच जाईल तो! घरावर गिधाड बसलं की घरधन्यानं घर सोडावंच लागतं. नाय सोडलं तर..." त्या दुष्ट नव्हत्या हो. माझ्याइतकाच त्यांचाही जीव टांगणीला लागला होता, आणि त्यांना दुसरी वाट माहीत नव्हती. मामा मला बाजूला सारायला पुढे झाले.

तेवढ्यात गार्डसाहेब मागून आले. तांबडं निशाण काखेतच होतं. त्यांनी छपराकडे पाहिलं, बंदुकीकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता हे मामांच्या नरडीला धरणार. पण त्यांनी मला एवढंच विचारलं, "मास्तर झोपले?"

मी मान हलवली.

मग ते सासूबाईंकडे वळले. "बाई, काय म्हणालात? घर कुणी सोडायचं?"

"घरधन्यानं."

"घरधन्यानंच? नक्की?"

"आमच्याकडं आज्यापणज्यापासून तसंच हाय."

"मग मास्तरांचा काय संबंध? ते भाडेकरू. भिंती माझ्या, कौलं माझी. घरधनी मी."

आमच्या बोलीत घरधनी म्हणजे घरातला कर्ता पुरुष, बायकोचा नवरा. आमच्या घरात तो म्हणजे हे. दुसरा अर्थ कुणाच्या स्वप्नातही आला नव्हता. पण शब्द तर तोच होता, आणि तो सासूबाईंनीच दोनदा उच्चारला होता. त्या मामांकडे बघायला लागल्या. मामा डोकं खाजवत म्हणाले, "तसं बघितलं तर... धनी तेच की, ताई."

"भाडेकरूनं सोडावं असं कुठं ऐकलंय का तुम्ही?" गार्डसाहेबांनी विचारलं.

"नाय बा," सासूबाई पुटपुटल्या. "तसं नाय ऐकलं."

"मग झालं तर. मी सोडतो." आणि बंगलीकडे बघून, "फक्त या मागच्या खोल्या, की माझी बंगली पण?"

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना 'बंगलीत राहा' म्हणता आलं असतं. पण आत पोरगा होता, आणि त्यांना कसर ठेवायची नव्हती. "सगळं आवार," त्या म्हणाल्या. "शांत होईस्तोवर."

गार्डसाहेब बंगलीत गेले आणि वळकटी, ट्रंक घेऊन बाहेर आले. ज्या माणसानं बायकोसकट झोपण्यासाठी घर बांधलं, आणि तिच्या वाटणीचीही झोप त्यात एकट्यानं घेतली, तो माणूस दिवेलागणीला त्या घरातून निघाला. मला ते बघवेना. मी म्हटलं, "गार्डसाहेब, तुम्ही जाणार कुठं?"

"इगतपुरीची रनिंग रूम आहे. तिथला खानसामा ओळखीचा आहे, ओसरीवर टेकायला देईल." मग कौलांकडे बोट दाखवून मामांना म्हणाले, "यांना आता कुणी काठी लावायची नाही. चुकली म्हणून इथं उतरलीत. सकाळी ऊन तापलं की आपली आपण जातील. हुसकायला गेलात तर छप्पर मास्तरांच्या अंगावर येईल." मामांनी बंदूक मुकाट्यानं भिंतीला टेकवून ठेवली. फाटकापाशी ते कुत्रं निजलेलं होतंच. गार्डसाहेब ट्रंक डोक्यावर घेऊन कुंपणाच्या भगदाडातून बाहेर पडले.

सकाळी दूधवाला आला तेव्हा सासूबाई अंगणात बसल्या होत्या. त्यांनीच त्याला ओठांवर बोट ठेवून खुणावलं. कौलांवर ती पंख पसरून बसली होती. ऊन चढलं, मग एकेक करत उचलली गेली, वर वर जाऊन ठिपके झाली. हे दुपार कलल्यावर जागे झाले. अंग गार होतं. "भूक लागली," म्हणाले. मी पेज भरवताना सासूबाई कोपऱ्यात तोंड फिरवून बसल्या होत्या, त्यांचे खांदे हलत होते.

नाशकात भटजींना तोटा नाही, शांत लगोलग झाली असती. पण मधे अधिक महिना आला. तो सरेपर्यंत काही करायचं नाही, असं भटजींनी सांगितलं. तो सगळा महिना बंगली कुलपात. गिधाडं आंब्यावर परत आली, आणि संध्याकाळी ओसरीवर त्यांना लाईन द्यायला कुणी नव्हतं. सासूबाई दारात येऊन वर बघायच्या आणि आत जायच्या. एकदा मला म्हणाल्या, "तिथं त्यांना नीट झोप लागत असंल का गं?"

शांत झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही पॅसेंजरनं इगतपुरीला गेलो. निरोप पाठवला असता तरी चाललं असतं. पण नाही, स्वतः जायचं म्हणाल्या. हे तोवर काठी टेकत अंगणात फिरायला लागले होते.

रनिंग रूमच्या ओसरीवर, भिंतीकडे तोंड करून, बाकड्यावर गार्डसाहेब झोपले होते. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. खानसामा हळूच म्हणाला, "रात्रभर जागे असतात. इथं दर गाडीला कॉलवाला दारं ठोकतो. त्यांना कुणी बोलवत नाही, पण आवाज झाला की ताडकन उठून बसतात. दुपारी जरा डोळा लागतो, तेवढाच."

मी पुढं होऊन हाक मारणार, तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्या तिथंच फरशीवर बसल्या, मला बसवलं. परतीची पॅसेंजर आली, शिट्टी देऊन निघून गेली, तरी हलल्या नाहीत. मग कॉलवाला काठी घेऊन आला. बाजूच्या दारावर तो काठी मारणार, इतक्यात सासूबाई उठल्या आणि त्याच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"आजी, सरका. गाडी लागलीय."

"लागू दे. हितं माणूस झोपलंय. ज्याला न्यायचाय त्याच्या कानात जाऊन सांग जा."

तो बिचारा चपला काढून, चवड्यांवर आत गेला.

उन्हं उतरल्यावर गार्डसाहेबांनी कूस वळवली. डोळे उघडले. समोर फरशीवर सासूबाई बसलेल्या दिसल्या, तरी नवल वाटल्यासारखं काही दाखवलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मास्तर उठले?"

"उठला," सासूबाई म्हणाल्या. "बरा होऊन उठला. आपला आपण उठला, दादा. कुणी उठवला नाय."

"मग मी जरा आणखी पडतो," गार्डसाहेब म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे वळले. आम्ही दोघी बसून राहिलो.